मोटर न थांबवता कंट्रोलरच्या आत बघायचं कसं?

ताणाबाणा :

नमस्कार मंडळी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी टॉवेलच्या मागांसाठी लेट-ऑफ मोटरचे, म्हणजे ताणा सोडणाऱ्या मोटरचे, कंट्रोल बोर्ड बनवतो. जुन्या मागांवर सर्व्हो बसवणारे असोत की प्रोजेक्ट करणारी पोरं, सगळ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: मोटर फिरते, पण हंटिंग करते (एका जागी न टिकता हेलकावते), कुठला आकडा बदलू? माझं म्हणणं असं की आकडा बदलण्याआधी तो दिसेल अशी सोय करा. ती सोय फुकट मिळते, आणि तरी आपल्याकडे ती फार थोडे लोक वापरतात. म्हणून हा धागा काढतोय.

आधी आमचं काम काय ते सांगतो. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम (ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ) असतात, ग्राउंड आणि पाइल. ग्राउंडचा ताणा कडक ठेवायचा, पाइलचा ढिला सोडायचा. तीन पिकांच्या, म्हणजे दर लूपमागे तीन बाण्यांच्या (आडव्या धाग्यांच्या), टॉवेलात पहिले दोन बाणे कापडाच्या कडेपासून जरा लांब राहतात आणि तिसऱ्या बाण्याला फणी तिन्ही एकदम ठोकते. त्या ठोक्याला पाइलचा लूप उभा राहतो. पाइल बीमने दर वेळी नेमका तेवढाच ताणा सोडला तर टॉवेल एकसारखा येतो. हे काम पूर्वी लिव्हर, वजनं आणि रॅचेट करायचे. आता मोटर करते, म्हणजे टॉवेलची प्रत मोटर किती नेमकी फिरते यावर आली.

आता मुद्द्यावर. आमच्या बोर्डात २३० व्होल्टचा पुरवठा रेक्टिफाय होऊन डीसी होतो (त्यालाच बस म्हणतात), सहा आयजीबीटी (पॉवर स्विच) आहेत आणि एक कंट्रोलर चिप. पीडब्ल्यूएम (स्विच चालू-बंद करण्याचा वेग) १६ किलोहर्ट्झ. म्हणजे दर ६२.५ मायक्रोसेकंदांनी चिप करंट मोजते, रोटरचा कोन घेते, हिशेब करते आणि पुढचा ड्युटी, म्हणजे स्विच किती वेळ चालू ठेवायचा ते, ठरवते. साध्या प्रोग्रॅममध्ये गडबड शोधायला आपण ब्रेकपॉइंट टाकून थांबतो. इथे थांबलात तर पीडब्ल्यूएम शेवटच्या ड्युटीवर गोठू शकतो. समजा त्या क्षणी वाइंडिंगवर सरासरी ३० व्होल्ट होते, रेझिस्टन्स १.५ ओहम आणि इंडक्टन्स ६ मिलिहेन्री. टाइम कॉन्स्टंट झाला ४ मिलिसेकंद आणि करंट निघाला २० अँपिअरच्या दिशेने. फिरत्या रोटरचा बॅक-ईएमएफ (फिरण्याने तयार होणारं व्होल्टेज) त्यात आणखी भर घालतो. डीबगर थांबला की टायमरचे आउटपुट बंद पडतील अशी सेटिंग बऱ्याच चिपांत असते, आणि ती पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. पण तिने आयजीबीटी वाचतात एवढंच. मोटर थांबलीच, आणि जे बघायचं होतं ते गेलं.

दुसरा मार्ग सिरियलवर प्रिंट करण्याचा. ११५२०० बॉडवर २० अक्षरं पाठवायला साधारण १.७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात करंट लूप, म्हणजे वरची मोजण्या-हिशेबाची फेरी, २७ वेळा होऊन जातो.

तिसरा मार्ग ऑसिलोस्कोप. तो हवाच, त्याला पर्याय नाही. पण स्कोपचा प्रोब तारेवर लागतो. टॉर्क देणारा करंट, म्हणजे आयक्यू, कुठल्याच तारेत नसतो. तो तीन फेजच्या करंटमधून आणि कोनातून काढलेला आकडा आहे आणि राहतो फक्त रॅममध्ये. पीआयचा (चूक बघून दुरुस्ती करणाऱ्या हिशेबाचा) इंटिग्रेटर, म्हणजे साठत गेलेली चूक, अंदाजलेला कोन, स्पीडची एरर हेही तसंच.

म्हणून मेमरीच थेट वाचायची. एनएक्सपीच्या चिपांना फ्रीमास्टर आहे, जो आम्ही वापरतो. एसटीच्या चिपांना एसटीएम३२ क्यूबमॉनिटर, सेगरच्या प्रोबवर जे-स्कोप, मायक्रोचिपला एक्स२सी-स्कोप. सगळ्यांचं तत्त्व सारखं. कंपाइल झालेल्या ईएलएफ फाइलमध्ये प्रत्येक ग्लोबल व्हेरिएबलचा पत्ता असतो. पीसीवरचं सॉफ्टवेअर ती फाइल वाचतं आणि त्या पत्त्यावर आत्ता काय आहे ते विचारत राहतं. कॉर्टेक्स-एम चिपांत एसडब्ल्यूडी पिनांवरून डीबगर मेमरी वाचू शकतो आणि कोअर आपलं काम करत राहतो. सिरियल किंवा कॅनवरून करायचं असेल तर प्रोग्रॅममध्ये छोटा ड्रायव्हर जोडायचा. मोटर फिरतेय आणि पडद्यावर तिचा आयक्यू सरकतोय, हे पहिल्यांदा बघणाऱ्याची बोलती बंद होते!

आता यातली गोम. फ्रीमास्टरमध्ये बघायच्या दोन तऱ्हा आहेत, स्कोप आणि रेकॉर्डर, आणि बहुतेक जण पहिल्याच तऱ्हेवर थांबतात. स्कोपमध्ये पीसी विचारतो, चिप सांगते. ११५२०० बॉडला सेकंदाला ११५२० बाइट जातात. चार व्हेरिएबल, प्रत्येकी चार बाइट धरले तर प्रोटोकॉलचा खर्च न मोजताही सेकंदाला ७२० नमुने, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. चार पोल-पेअरची मोटर १५०० आरपीएमला असेल तर इलेक्ट्रिकल फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ, म्हणजे एका लाटेला जेमतेम सात ठिपके. स्पीड, तापमान, बस व्होल्टेज यांना स्कोप पुरतो. करंटला पुरत नाही.

रेकॉर्डरमध्ये चिप स्वतःच, कंट्रोल इंटरप्टच्या आतून, दर फेरीला व्हेरिएबल बफरमध्ये ठेवते आणि बफर भरला की सावकाश पीसीला देते. ४ केबीचा बफर, दोन-दोन बाइटची चार व्हेरिएबल, म्हणजे ५१२ नमुने. १६ किलोहर्ट्झला ३२ मिलिसेकंद. फार थोडा वेळ वाटतो ना? पण त्या ३२ मिलिसेकंदांतली एकही फेरी सुटलेली नसते. वर ट्रिगर लावता येतो: आयक्यू अमुकच्या वर गेला की पकड, आणि त्याच्या आधीचे नमुनेही ठेव. ओव्हरकरंटचा ट्रिप होण्याआधी नेमकं काय झालं हे बघायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

प्रश्न विचारा. ज्यांनी वापरलंय त्यांनी भर घाला.

*

वाचनमात्र :

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

*

पूर्वभागकर :

नमस्कार. आम्ही कारखानदार, इलेक्ट्रॉनिक्समधलं आम्हाला कळत नाही, पण धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे टॉवेलचे रॅपियर माग आहेत. माग कशानेही थांबला, बाणा तुटला म्हणा, लाइट गेली म्हणा, की परत सुरू केल्यावर टॉवेलवर आडवी पट्टी दिसते. कधी लूप उंच, कधी बसका. मेकॅनिक म्हणतो मोटरचा दोष, ड्राइव्हवाला म्हणतो सुताचा दोष. दोघांचं ऐकून माल सेकंड क्वालिटीत जातोय. तुमच्या त्या ग्राफमध्ये हे दिसतं का? आम्हाला फक्त एवढंच पाहिजे की दोष नक्की कुठे आहे.

*

ताणाबाणा :

अण्णा, दिसतं. आणि दोघेही खरं बोलत असतील.

सुताचं आधी. माग उभा असताना ताणलेलं सूत हळूहळू सैल होतं आणि कापडाची कड थोडी सरकते. ही पट्टी मोटर कितीही चांगली असली तरी येते. त्यासाठी सुरू करण्याआधी बीम थोडं मागे घ्यायचं असतं, आणि किती मागे घ्यायचं ते माग किती वेळ उभा होता त्यावर ठरतं.

आता मोटरचं. एका कारखान्यात असाच प्रकार होता. नशिबाने मालकांनी बोर्ड बनवून घेताना प्रोग्रॅमची सोर्स आणि ईएलएफ दोन्ही स्वतःकडे ठेवले होते, म्हणून जोडून बघता आलं. चार गोष्टी एकाखाली एक लावल्या: मागाच्या मेन शाफ्टचा कोन, लोडसेलवरचा ताण, लेट-ऑफला दिलेला स्पीड, आणि टेन्शन लूपचा, म्हणजे ताण राखणाऱ्या हिशेबाचा, इंटिग्रेटर. हे सगळं सावकाश बदलणारं, त्यामुळे साधा स्कोप पुरला. माग चालू असताना चारही रेषा शांत. माग थांबवला. ताण थोडा उतरला, बरोबर आहे, सूत सैल झालं. मोटर ब्रेकवर. पण इंटिग्रेटरची रेष वर चढत राहिली! मोटर हलू शकत नव्हती आणि लूप मात्र 'ताण कमी आहे, दुरुस्त कर' म्हणत एरर साठवत होता. माग सुरू झाला, ब्रेक सुटला, आणि साठलेलं सगळं एकदम मोटरवर पडलं. पुढचे काही बाणे पाइल बीमने चुकीच्या लांबीचा ताणा सोडला, मग लूप ताळ्यावर आला. कापडावर पट्टी जेवढी रुंद, तेवढाच वेळ ग्राफवर तो उंचवटा.

यावर उपाय एवढाच की ब्रेक लागला की इंटिग्रेटर गोठवायचा. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी. त्यानंतरही हलकी पट्टी राहिली, ती सुताची. ती मागे घेण्याच्या सेटिंगने कमी झाली.

म्हणून तुमच्या ड्राइव्हवाल्याला एकच विचारा: माग उभा असताना टेन्शन लूपचा इंटिग्रेटर गोठतो का, आणि ते तो दाखवू शकतो का?

*

अंतिमवर्ष :

सर, मी इथेच सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट ई-सायकलचा कंट्रोलर. ४८ व्होल्टची हब मोटर, आत २३ पोल-पेअर, एसटीएम३२ चा बोर्ड. एफओसी (आयक्यू वगैरे काढून मोटर चालवण्याची रीत) चालतंय. क्यूबमॉनिटरवर आयक्यू लावला तर सरळ रेष येत नाही, लाट येते. चाक हाताने धरलं तर थरथर जाणवते. केपी (पीआयचा गेन) कमी केला तर लाट वाढते, केपी वाढवला तर मोटर शिट्टीसारखा आवाज करते. गाइड म्हणतात ट्यूनिंग नीट करा. कुठून सुरुवात करू?

*

मोजमाप :

मी पुण्यात ड्राइव्हच्या कामात आहे, मूळचा बार्शीचा. अंतिमवर्ष, केपीला सध्या हात लावू नकोस. आधी लाट मोज.

चाक सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरव. २३ पोल-पेअर, म्हणजे इलेक्ट्रिकल फ्रिक्वेन्सी २३ हर्ट्झ. आता आयक्यूवरची लाट किती हर्ट्झची आहे ते बघ. ती २३ ची असेल तर करंट सेन्सरचा ऑफसेट चुकलाय. मोटर बंद असताना शून्य अँपिअरला एडीसी (करंटचा आकडा करणारा भाग) जो आकडा देतो तो नीट वजा होत नाहीये. ४६ ची असेल तर दोन फेजच्या सेन्सरचा गेन सारखा नाही, म्हणजे शंटची किंवा अँपच्या रेझिस्टरांची टॉलरन्स बघ. १३८ ची, म्हणजे सहापट, असेल तर डेड टाइम (वरचा आणि खालचा स्विच दोन्ही बंद ठेवलेला क्षण) किंवा मोटरच्या बॅक-ईएमएफचा आकार. आणि चाकाच्या एका फेऱ्याला एकदाच येत असेल, म्हणजे १ हर्ट्झ, तर ते यांत्रिक आहे, चाकाचा तोल किंवा बेअरिंग.

खात्री करायची तर वेग दुप्पट कर. लाटेची फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली तर वरच्यापैकीच काहीतरी. वेग बदलूनही ती जागची हलली नाही, तर मात्र लूपचं ट्यूनिंग किंवा कुठलातरी रेझोनन्स.

गाइड चुकीचं सांगतात असं माझं म्हणणं नाही. पण ऑफसेटची चूक पीआयने दुरुस्त होत नाही, कारण पीआयला जो करंट दिसतो तोच खोटा असतो. केपी वाढवशील तेवढ्या इमानाने तो खोट्या आकड्याचा पाठलाग करेल. ग्राफ सरळ होईल आणि मोटर थरथरतच राहील. म्हणून अधूनमधून खऱ्या करंट प्रोबने फेजचा करंट बघून सॉफ्टवेअरमधल्या आकड्याशी ताडून घेत जा. पडद्यावर दिसतं ते चिपचं मत असतं.

डेड टाइमचा अंदाज हवा असेल तर: १ मायक्रोसेकंद डेड टाइम, ६२.५ मायक्रोसेकंदांचा पीरियड, ३१० व्होल्टची बस, तर साधारण ५ व्होल्टची चूक, आणि करंटची दिशा बदलली की तिचं चिन्ह बदलतं. मूळ धाग्यातल्या मोटरला ते कमी वेगात फार बोचतं. तुझ्या ४८ व्होल्टला ही चूक पाऊण व्होल्टाच्या आसपास, पण हब मोटरचा रेझिस्टन्सही अगदी कमी असतो, त्यामुळे दुर्लक्ष करू नकोस.

*

अंतिमवर्ष :

सर, खूप आभार. वेग वाढवत नेला तर एका ठिकाणी लाट एकदम सावकाश होते, तीनेक हर्ट्झची. आणखी वाढवला की परत जलद. हे कसं?

*

मोजमाप :

ती लाट खरी नाही. क्यूबमॉनिटर सेकंदाला किती वेळा वाचतोय ते बघ. समजा १०० वेळा वाचतोय आणि खरी लाट ९७ हर्ट्झची आहे, तर पडद्यावर ३ हर्ट्झचीच दिसणार. १०३ ची असली तरी ३ ची. धागाकर्त्यांनी रेकॉर्डरचं सांगितलं ते याचसाठी. बफर स्वतः लिही, अवघड नाही: एक अ‍ॅरे, एक इंडेक्स, एफओसीच्या इंटरप्टमध्ये भरायचा, भरला की थांबायचं आणि मग क्यूबमॉनिटरने किंवा डीबगरने सावकाश वाचायचा. किती फेऱ्यांनी एक नमुना घ्यायचा तेही व्हेरिएबल ठेव. तुझ्या २३ हर्ट्झसाठी दहातला एक घेतलास तरी चालेल.

*

होटगीरोड :

सगळं वाचलं, चांगली माहिती. पण एक गोष्ट मुख्य लेखातच यायला पाहिजे होती. मी पॅनेल आणि ड्राइव्हची दुरुस्ती करतो, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

२३० व्होल्ट थेट रेक्टिफाय करणाऱ्या बोर्डात कंट्रोलरचा ग्राउंड बऱ्याचदा डीसी बसच्या निगेटिव्हला असतो. तो निगेटिव्ह आणि अर्थ एकच नाहीत! अशा बोर्डाला लॅपटॉपची यूएसबी सरळ लावली आणि लॅपटॉप चार्जरवरून अर्थ झालेला असला, तर बोर्ड, लॅपटॉप आणि माणूस तिन्ही धोक्यात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा सल्ला काही जण देतात. तो तर त्याहून वाईट, कारण मग लॅपटॉपची अख्खी बॉडी बसच्या व्होल्टेजवर तरंगते आणि तुमचा हात कीबोर्डवर असतो. ३ फेज ४१५ व्होल्ट असेल तर बस ५८७ व्होल्टपर्यंत जाते.

यूएसबी आयसोलेटर लावा, नाहीतर सिरियल लाइन ऑप्टोकपलरवरून घ्या. स्कोपचा ग्राउंड क्लिप अशा बोर्डावर कुठेही लावायचा नाही, डिफरन्शियल प्रोब वापरायचा. पुरवठा बंद केल्यावर बसचे कपॅसिटर उतरले का ते मीटरने बघायचं, नुसत्या एलईडीवर विश्वास ठेवायचा नाही. आणि आणीबाणीचं बटण तारेने मेन कॉन्टॅक्टर पाडणारं हवं. लॅपटॉपवरच्या पडद्यातलं लाल बटण हे आणीबाणीचं बटण नव्हे.

पोरांनी ४८ व्होल्टवर शिकावं, तेच बरं.

*

ताणाबाणा :

होटगीरोड, शब्दन् शब्द मान्य. आमच्या टेबलावर आयसोलेटरशिवाय यूएसबीची केबल ठेवतच नाही. आमच्या बोर्डात सिरियल ऑप्टोवरून बाहेर काढलीय, तिचा वेग थोडा मर्यादित होतो, पण रेकॉर्डर असल्यामुळे अडत नाही.

याला जोडून आणखी एक. ही सॉफ्टवेअरं वाचतात तशी लिहितातही. मोटर चालू असताना केपी बदलता येतो, आणि त्यातच मोठी मजा आणि मोठा धोका आहे. ०.५ च्या जागी ५ टाइप झालं तर मोटर विचार करायला वेळ देत नाही. आम्ही प्रत्येक बदलता येणाऱ्या व्हेरिएबलला प्रोग्रॅममध्येच वरची-खालची मर्यादा घालतो. ओव्हरकरंटचा ट्रिप मात्र हार्डवेअर कम्पॅरेटरमधूनच, त्यात सॉफ्टवेअरचा संबंध नाही.

*

कॉइलवाला :

माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. सर्व्हो मोटरी आता आमच्याकडेही यायला लागल्यात. कधी कधी मूळ गेजची तार मिळत नाही, मग टर्न कमी करून जाड तार भरतो. मोटर टेबलावर छान फिरते, पण मागावर लावली की गिऱ्हाईक म्हणतं पहिल्यासारखी नाही, आवाज करते, दम कमी वाटतो. वाइंडिंग तर चोख असतं. यात ड्राइव्हचा काही संबंध आहे का?

*

ताणाबाणा :

पूर्ण संबंध आहे, आणि तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे असं मला वाटतं.

करंट लूपचा केपी मोटरच्या इंडक्टन्सवरून ठरतो आणि केआय (इंटिग्रेटरचा गेन) रेझिस्टन्सवरून. लूपची बँडविड्थ ५०० हर्ट्झ हवी असेल तर २ पाय गुणिले ५००, म्हणजे ३१४२. वर सांगितलेल्या मोटरला ६ मिलिहेन्री गुणिले ३१४२, केपी आला १८.८५ व्होल्ट प्रति अँपिअर. केआय १.५ गुणिले ३१४२, म्हणजे सुमारे ४७१२. यात अंदाजपंचे काही नाही, एलसीआर मीटर आणि कॅल्क्युलेटर पुरतात.

आता तुम्ही टर्न २० टक्के कमी केले. इंडक्टन्स टर्नच्या वर्गावर चालतो, म्हणून तो ०.६४ पट झाला. जाड तारेने खाच तितकीच भरली असेल तर रेझिस्टन्सही तितकाच उतरला. ड्राइव्हमध्ये केपी मात्र जुनाच. म्हणजे लूपची बँडविड्थ गुपचूप ५०० वरून ७८० हर्ट्झवर गेली. एडीसी आणि पीडब्ल्यूएमला लागणारा उशीर तेवढाच राहिला, त्यामुळे ओव्हरशूट आणि आवाज. दुसरीकडे टॉर्क कॉन्स्टंट २० टक्क्यांनी घटला: त्याच करंटला टॉर्क कमी. ड्राइव्हची करंट लिमिट जुनीच असेल तर दम कमी वाटणारच.

तर वाइंडिंग बदललंत की टर्नचं प्रमाण आणि मोजलेला आर-एल (रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स) चिठ्ठीवर लिहून मोटरला बांधून द्या. ड्राइव्हवाल्याला ते दोन आकडे मिळाले तर काम लगेच होतं.

तपासायची रीतही लिहितो. रोटर एका कोनावर अलाइन करायचा आणि त्याच अक्षावर, म्हणजे आयडीला, करंटची पायरी द्यायची. आयडीने टॉर्क येत नाही, मोटर जागची हलत नाही, मागाला धोका नाही. रेकॉर्डर लावायचा. बँडविड्थ ५०० हर्ट्झ असेल तर १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला साधारण ०.७ मिलिसेकंद, म्हणजे १६ किलोहर्ट्झला अकरा नमुने. ठिपके मोजता येतात. ते अकराऐवजी सात आले आणि वर टोक उसळलं तर समजायचं की इंडक्टन्स उतरलाय.

*

कॉइलवाला :

आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठी बांधायला सुरुवात करतो.

*

सिम्युलेशनवाली :

थोडा वेगळा सूर लावते. मी कॉलेजात हाच विषय शिकवते. चालू मोटरचा ग्राफ बघणं छानच, पण विद्यार्थी त्याच्यावर भाळतात आणि आकडे हलवत बसतात. आधी सिम्युलिंकमध्ये किंवा कुठल्याही मोफत साधनात मोटरचं मॉडेल करा, तिथे लूप बसवा, मगच बोर्डाला हात लावा. जे मॉडेलमध्ये समजलं नाही ते पडद्यावर पळणाऱ्या रेषेत समजणार नाही.

आयडी-आयक्यू कुठून आले हेही मुलांना माहीत हवं. तीन फेजचे दोन अक्ष करण्याच्या रीतीला एडिथ क्लार्क यांचं नाव आहे. एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला, साल १९१९. ते अक्ष रोटरबरोबर फिरवण्याची रीत रॉबर्ट पार्क यांच्या १९२९ च्या पेपरातली. मायक्रोकंट्रोलर तेव्हा कल्पनेतही नव्हता! वर्गात मी हे आवर्जून सांगते, कारण त्यानंतर मुलं ते समीकरण पाठ करत नाहीत, काढून बघतात. आमच्या मुलींना क्लार्क यांच्याबद्दल आणखी वाचायचं असतं, याचा मला फार आनंद होतो.

*

ताणाबाणा :

ताई, मॉडेल आधी हवं हे मान्य. पण मॉडेलमध्ये मोटरचा इंडक्टन्स कॉइलवाल्यांच्या चिठ्ठीवरचा असतो का? लोडसेलची तार मागाच्या कंपनाने हलते ते असतं का? आमच्या शेडमध्ये लाइट आली की आजूबाजूचे सगळे माग एकदम सुरू होतात आणि पुरवठा २३० वरून २०० वर येतो. बसचं शिखर ३२५ वरून २८३ वर. तोच ड्युटी, पण मोटरला मिळणारं व्होल्टेज १३ टक्क्यांनी कमी. हे मी बस व्होल्टेज आयक्यूच्या शेजारी लावलं तेव्हा दिसलं, आणि त्यानंतर आम्ही ड्युटी काढताना मोजलेल्या बस व्होल्टेजने भागायला लागलो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये आयजीबीटीचं तापमान कसं चढतं तेही असंच दिसलं.

मला दोन्ही हवंय. रेकॉर्डरची फाइल काढायची, मॉडेलच्या उत्तरावर ठेवायची, आणि जिथे दोन रेषा वेगळ्या होतात तिथे खणायचं.

*

सिम्युलेशनवाली :

दोन रेषा एकमेकींवर ठेवायच्या, हे पटलं. पुढच्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलमध्ये हेच घालते: आयडीची पायरी, मॉडेल आणि मोजमाप एकाच कागदावर, आणि फरकाचं कारण लिहायचं. बोर्ड ४८ व्होल्टखालचाच घेऊ.

*

प्रवासी_पिक :

टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या) सी२००० चिपांवर कोणी करतं का? तिथे कोड कंपोझरमध्येच ग्राफ आहे ना?

*

मोजमाप :

हो. आणि त्या चिपांत रिअल-टाइम डीबग मोड आहे. मुख्य प्रोग्रॅम थांबवला तरी निवडलेले तातडीचे इंटरप्ट चालू राहतात. म्हणजे बाकीचं थांबलेलं असताना करंट लूप मोटर सांभाळत राहतो. मोटरच्या कामाला फार उपयोगी. फक्त ते मोड चालू आहे याची खात्री कमी व्होल्टेजवर करून घ्या.

*

अंतिमवर्ष :

रेकॉर्डर लिहिला. चाकाच्या एका फेऱ्याला २३ लाटा मोजल्या. मोटर बंद ठेवून एडीसी बघितला तर बी फेजचा शून्याचा आकडा ए फेजपेक्षा बराच वेगळा आहे आणि प्रोग्रॅममध्ये दोन्हीला एकच ऑफसेट वजा होतोय. ही लायब्ररी आम्ही दुसऱ्या बोर्डासाठीची घेतली होती. आता सुरू होताना प्रत्येक फेजचे वेगवेगळे ऑफसेट मोजून घेतोय. थरथर बरीच कमी झाली. एक बारीक लाट अजून आहे, १३८ ची.

*

मोजमाप :

छान. ती डेड टाइमची असावी. करंटचं चिन्ह बघून ड्युटीत तेवढी भर घाल, आणि करंट शून्याजवळ असताना ती भर हळूहळू बदलू दे, एकदम उडी नको. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रेकॉर्ड जपून ठेव, परीक्षकांना दाखवायला.

*

पूर्वभागकर :

ड्राइव्हवाल्याशी बोललो. इंटिग्रेटर गोठतो का, असं विचारल्यावर तो जरा थांबला, मग म्हणाला बघून सांगतो. ईएलएफ फाइल द्यायला तयार आहे. ताणाबाणा, तुम्ही येऊन बघाल का? सुट्टीच्या दिवशी एक माग मोकळा करून देतो. आमच्याकडून काय तयारी पाहिजे?

*

ताणाबाणा :

येतो की अण्णा. ड्राइव्हवाल्यांनाही बोलवा, त्यांच्यासमोर बघितलेलं बरं. ईएलएफ फाइल बोर्डात आत्ता जो प्रोग्रॅम आहे त्याचीच हवी. जुन्या बिल्डची असेल तर पत्ते सरकलेले असतात आणि पडद्यावर भलतेच आकडे येतात. पॅनेलची अर्थिंग होटगीरोड यांच्यासारख्या जाणकाराकडून तपासून ठेवा. ज्या टॉवेलवर पट्टी आलीय तो तुकडा फेकू नका, रुंदी मोजायला लागेल.

आणि शक्य असेल तर दोन माग द्या, एकावर पाइल बीम नुकतं भरलेलं आणि दुसऱ्यावर संपत आलेलं. समजा व्यास ८०० मिमीवरून २०० मिमीवर आलाय. तर मोटरच्या तेवढ्याच फिरण्याला भरलेलं बीम चौपट ताणा सोडतं, म्हणजे टेन्शन लूपचा गेन चौपट. संपत आलेल्या बीमवर कुणी लूप घट्ट बसवला असेल तर भरलेल्या बीमवर तो हेलकावे खाणार. प्रोग्रॅममध्ये व्यासाने भागलेलं आहे की नाही, हे एका मागावर कळत नाही.